आधी कान तपासा

(दृश्य : शिवाजी पेठेतलं घर. टीव्ही मोठ्यानं, आत मिक्सर.)

"आबा, गोळी सातला घ्या." आबा मान डोलावतात आणि आठला घेतात. घरात बोलणं सुरू होतं, आबा विसरायला लागलेत.

वयाबरोबर येणारं बहिरेपण आधी वरच्या पट्टीचे आवाज नेतं. अंतर्कर्णातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी झिजतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. 'स', 'श' हे आवाज वरच्या पट्टीत, स्वर खालच्या. त्यामुळं बोललेलं ऐकू येतं, पण कळत नाही. 'सात'मधला 'स' गळाला की उरतं ते 'आठ'सारखं. ओरडून सांगितलं तर स्वर फुगतो, 'स' गायबच. समोर बसून, सावकाश बोलावं.

गाळलेल्या जागा भरण्यातच मेंदू दमतो, लक्षात ठेवायला ताकद कमी पडते. हळूहळू आबा रंकाळ्यावरच्या कट्ट्यावर जाणंही सोडतात. गप्पा गेल्या की मेंदूची तालीमही गेली.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, आटोक्यात आणता येणारे 14 धोके मांडले. त्यांत बहिरेपण आहे. पण कानाचं मशीन लावलं की स्मरणशक्ती परत येते, असं कुणी विकत असेल तर सावध! अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षं अशा मशीनची चाचणी झाली, निष्कर्ष 2023 मध्ये आले. स्मरणशक्ती, विचारशक्तीच्या घसरणीत सरसकट फरक दिसला नाही. मुळात धोका जास्त असलेल्या गटात मात्र ही घसरण 48 टक्क्यांनी कमी झाली.

(दृश्य : ऑडिओमेट्रीची, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीची खोली.)

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्यायचा, मग ऑडिओग्राम, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख. कानात तेल, काडी काही नको. मशीन सुरुवातीला शांत घरात तास-दोन तास, मग वाढवत न्यायचं. भांड्यांचा आवाज टोचतो म्हणून बरेच जण ते कपाटात टाकतात. तसं न करता ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, सेटिंग बदलून घ्यावं.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात मशीनचा खरा शत्रू ओल. रात्री सेल काढून, झाकण उघडं ठेवून, मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. झिंक-एअर, म्हणजे हवेवर चालणाऱ्या सेलचा स्टिकर काढला की मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. स्टिकर काढून ठेवलेला सेल न वापरताही उतरतो. आवाज अचानक बसला, तर मशीन बिघडलं म्हणण्याआधी टोकाची मळाची जाळी बघा.

आणि स्मरणशक्तीची तपासणी असेल त्या दिवशी मशीन लावूनच जा. तिथं पाच शब्द सांगून थोड्या वेळानं विचारतात. ते ऐकूच आले नाहीत, तरी गुण स्मरणशक्तीचेच कापले जातात.