वर बघ, वर बघ

नमस्कार मंडळी. गाडीत असाल, पोळ्या लाटत असाल, मुलांना पोहायला सोडून बाहेर पार्किंगमध्ये बसला असाल, तर आवाज जरा मोठा करा. आज मी ज्या घरात मेडिकलला जायचं म्हणणारं मूल आहे, त्या घरासाठी बोलणार आहे. आणि आपल्या न्यू जर्सीत अशी मराठी घरं काही थोडीथोडकी नाहीत.

कॉलेजं सुटली की मला फोन यायला लागतात. मी इतकी वर्षं नर्स होते, म्हणून विचारतात. "ताई, मेडिकलच्या अर्जाला क्लिनिकल एक्स्पीरियन्स, म्हणजे पेशंटजवळ केलेलं काम, हवाच म्हणतात. कुठली नोकरी घेऊ दे हिला? अर्जात कुठली चांगली दिसेल?" माझं उत्तर दरवर्षी एकच असतं. ज्या नोकरीत पेशंट थोडा वेळ का होईना, तुमच्या मुलाच्या हाती असेल, ती नोकरी. हाती. नुसता डोळ्यांसमोर नव्हे.

डोळ्यांसमोर पेशंट असणं म्हणजे शॅडोइंग, डॉक्टरांच्या मागे फिरून नुसतं बघणं. तेही करावं, पण ते काम नव्हे. स्क्राइबची नोकरी सगळ्यांनाच हवी असते. डॉक्टर बोलतात आणि मूल कॉम्प्युटरवर नोंद घेतं. डॉक्टर विचार कसा करतात ते तिथे जेवढं ऐकायला मिळतं तेवढं दुसरीकडे कुठे मिळत नाही, हे खरं. पण पेशंटला हात लागत नाही. शिवाय आता काही ठिकाणी बोलणं ऐकून सॉफ्टवेअरच नोंद लिहितं, तेव्हा ही नोकरी वर्षभर टिकणार आहे का, ते आधी विचारून घ्या. ॲम्ब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे तातडीची मदत देणारा कर्मचारी, व्हायचं असेल तर चांगला मोठा कोर्स आणि वर परीक्षा. सायरन वाजवत धावण्याची स्वप्नं घेऊन मुलं जातात, आणि खाजगी कंपनीत लागली तर बराचसा वेळ डायलिसिसच्या पेशंटना आठवड्यातून तीनदा नेण्याआणण्यात जातो. मी म्हणते, उत्तम आहे! तोच माणूस आठवड्यातून तीनदा भेटतो, तर त्याच्याशी बोला की. रक्त काढणाऱ्या फ्लेबॉटॉमिस्टचं कामही चांगलं. आपल्याला घाबरलेल्या माणसाचा विश्वास दोन मिनिटांत कसा मिळवायचा, ते तिथे शिकायला मिळतं.

आणि मग सीएनए. नर्सिंग असिस्टंट. अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन. यावर मी माझ्या भाचीची गोष्ट सांगते. ज्यांनी ती आधी ऐकली असेल त्यांनी परत ऐका.

माझ्या बहिणीची मुलगी. कॉलेजचं दुसरं वर्ष संपलं होतं. तिला इमर्जन्सी रूममध्ये स्क्राइब व्हायचं होतं, ते काही जमलं नाही. मी म्हटलं, सीएनए कर. बहीण माझ्याशी चार दिवस बोलली नाही. म्हणाली, "लोकांचं हगणंमुतणं काढायला मुलीला शिकवली का आम्ही?" मी तिला सांगितलं, मी तेच केलंय आणि त्यातच मला माणसं कळली. आपल्याकडे घरात कोणी आजारी पडलं की मुलांना "तू अभ्यास कर, इकडे येऊ नकोस" म्हणून खोलीबाहेर काढतात. मला हे अजिबात पटत नाही. आजोबांना पाणी द्यायला नातवाला पाठवा हो. दहा मिनिटांनी अभ्यास बुडत नाही.

असो. भाची एका नर्सिंग होममध्ये लागली. दुपारी तीन ते रात्री अकरा. माणसं कमी, पेशंट जास्त, एकेकीवर दहा-दहा. तिच्याकडे एक गृहस्थ होते, आयुष्यभर प्लंबिंग केलेले. स्ट्रोक आला होता, डावी बाजू लुळी. मोठे, जाडजूड हात, नखांच्या कडेला जुने डाग अजून होते. बोलणं फारसं उमटायचं नाही.

एक दिवस संध्याकाळचं जेवण चाललं होतं. कुस्करलेला बटाटा आणि सफरचंदाचा रस. अजून चौघांना भरवायचं राहिलं होतं म्हणून ही घाईत, उभ्यानेच भरवत होती. रसाचा घोट दिला आणि त्यांना ठसका लागला. जोरात. चेहरा लाल झाला. आणि माझी भाची, इथे एडिसनला जन्मलेली, मराठी फक्त रविवारच्या शाळेत आणि आजीजवळ शिकलेली, तिने काय करावं? आजी तिला लहानपणी जे करायची तेच केलं. डोक्यावर थापटलं, हनुवटीखाली हात घालून तोंड वर केलं आणि म्हणाली, "वर बघ, वर बघ!"

पलीकडून एक वयस्क फिलिपिनो नर्स धावत आली. तिने हिचा हात बाजूला केला, त्यांना पुढे झुकवलं, हनुवटी छातीकडे आणली आणि खोकू दिलं. खोकून खोकून ते शांत झाले, पण आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा येत होता. ती नर्स ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "सीपीआर शिकलीस ना? तिथे मान मागे का करतो आपण?" भाची म्हणाली, श्वासाची वाट उघडावी म्हणून. "मग तोंडात घोट असताना ती वाट उघडून दिलीस तर घोट जाईल कुठे?"

रात्री साडेअकराला मला फोन. गाडीत बसून रडत होती. "मावशी, माझ्या हातून त्यांचं काहीतरी झालं असतं." मी तिला रडू दिलं. मग विचारलं, "तू काय पाहिलंस, ते सांग. क्रमाने सांग." हुंदके देत सांगायला लागली. ठसका बटाट्याला लागला नाही, रसाला लागला. कालही कॉफीलाच लागला होता. आणि जेवण झाल्यावर तोंड पुसताना डाव्या गालात बटाट्याचा गोळा तसाच सापडला होता. मी म्हटलं, "हे कोणाला सांगितलंस?" नाही म्हणाली. "उद्या गेल्या गेल्या सांग."

तिने सांगितलं. नर्सने नोंद केली आणि स्पीच थेरपिस्टला बोलावलं. तिने गिळणं तपासलं. पातळ पदार्थ दाट करून द्यायचे, घास उजव्या गालात ठेवायचा, जेवणानंतर डावा गाल तपासायचा, आणि त्यांच्यासाठी हनुवटी खाली. असे सगळे नियम पलंगाशी लागले. आणि भाचीला आणखी एक गोष्ट कळली. भरवताना समोर बसायचं, डोळ्याला डोळा भिडेल इतकं खाली बसायचं, हे कोर्समध्ये शिकवलं होतं. तिला वाटलं होतं, ते प्रेमाने वागण्यासाठी असेल. अहो, आपण उभं राहून भरवलं की पेशंट वर बघतो! वर बघितलं की मान मागे जाते. बसायचं ते मान मागे जाऊ नये म्हणून. तेव्हापासून ती स्टूल ओढूनच भरवायची. पुढे पुढे तर ती खोलीत आली की ते गृहस्थ उजव्या हाताने शेजारच्या स्टुलावर थाप मारायचे. आधी बस, मग जेवण.

मेडिकलच्या अर्जात अनुभव मांडायला 15 जागा असतात. त्यातले तीन सगळ्यांत महत्त्वाचे म्हणून निवडायचे, आणि त्या तिन्हींबद्दल जास्तीची 1,325 अक्षरं लिहायला मिळतात. भाचीने त्यात स्टुलाबद्दल लिहिलं. सुट्टीत दोन आठवडे परदेशी शिबिराला जाऊन गळ्यात स्टेथोस्कोप घालून फोटो काढलेल्या मुलांनी तिथे काय लिहायचं, मला खरंच कळत नाही. त्या विमानाच्या तिकिटाचे पैसे वाचवा.

आता कामाचं सांगते, पटकन. सीएनएसाठी केंद्राच्या नियमाने किमान 75 तासांचं प्रशिक्षण लागतं, आपल्या न्यू जर्सीत 90. नर्सिंग होमने आधी नोकरीवर घेतलं असेल, तर प्रशिक्षणाचे पैसे त्यांनी तुमच्याकडून घ्यायचे नसतात. कोर्सचे पैसे भरण्याआधी हे विचारा. पैसे भरण्याआधी, परत सांगते. आणि मुलाखतीत मुलांनीही विचारावं, एकेकीकडे किती पेशंट असतात? पहिले किती दिवस कोणीतरी सोबत असेल?

जी मुलं अजून एच-4 वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-1 व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहेत, त्यांना पगारी नोकरी करता येत नाही. त्यांच्या आईवडिलांनी खचून जाऊ नये. हॉस्पिसला, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या संस्थेला, स्वयंसेवक लागतातच. मेडिकेअरचा, म्हणजे वयस्कांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, नियमच आहे की रुग्णसेवेच्या तासांच्या किमान 5 टक्के इतकं काम स्वयंसेवकांकडून व्हायला हवं. अशा माणसाजवळ नुसतं बसायला शिकवतात तिथे. तिथेही पेशंट हाती असतो. हाती, म्हणजे त्या तासाला तो तुमचा असतो.

आणि हो, कोर्सच्या पहिल्या दिवशी मुलाला साधं काट्याचं घड्याळ घेऊन द्या, सेकंदकाटा असलेलं. पेशंटजवळ फोन काढायचा नसतो, आणि नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो.