अनोळखी दगडाचा काप

[दृश्य: टेबलावर पाण्याने ओले केलेले काप. कॅमेरा एकेकावरून सावकाश सरकतो.]

हिरवा, त्यावर काळे ठिपके. विटकरी, त्यात पांढऱ्या शिरा. गडद निळा, मधूनच सोनेरी कण. करवतीने कापलेले हे दगडांचे काप एकगठ्ठा विकत घेतले आहेत आणि एकावरही नावाची चिठ्ठी नाही. यांतून कॅबोशॉन, म्हणजे घुमटासारखे गोलसर झिलईचे खडे, घडवायचे, तर आधी दगड ओळखायला हवा.

ओळखायचा म्हणजे काय? दगड कोणत्या खनिजांचा बनला आहे, हे साध्या साधनांनीही बरंचसं शोधता येतं. तो कोणत्या खाणीतून आला, हे मात्र नुसत्या कापावरून सहसा सांगता येत नाही. वर्तुळांची नक्षी दिसली की लगेच मादागास्करच्या ‘ओशन जॅस्पर’चं नाव घेतलं जातं, पण तशी वर्तुळं इतर ठिकाणच्या दगडांतही तयार होतात. आणि दगड घासायच्या चाकाला मूळ गावाशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त दगडाचं काठिण्य कळतं.

बाजारातली नावंही फसवी. ‘रेनफॉरेस्ट जॅस्पर’ हा खरं म्हणजे रायोलाइट, ज्वालामुखीतून आलेला खडक. ‘पिकासो जॅस्पर’ तर संगमरवराच्या जातीचा. १ ते १० च्या श्रेणीत खऱ्या जॅस्परचं काठिण्य ७ च्या आसपास, संगमरवराचं ३. दोघांना एकाच चाकावर सारखाच वेळ धरलं, तर संगमरवराचा आकार बघता बघता निघून जाईल.

[दृश्य: काप साबणाच्या पाण्याने धुतला जातो. भिंगाखाली त्याची तुटलेली कडा.]

सुरुवात धुण्यापासून. करवतीचं तेल मुरलेलं असेल, तर रंग खोटा दिसतो आणि पुढच्या चाचण्याही बिघडतात. मग बघायची ती कड. कापलेला पृष्ठभाग करवतीने सपाट केलेला असतो, दगडाचा स्वभाव ताज्या तुटीत दिसतो. मेणासारखी, शिंपल्यासारखी वळलेली तूट म्हणजे बहुधा सूक्ष्मकणी सिलिका, गारगोटीचंच द्रव्य. पातळ कडेतून उजेड झिरपला तर अकीक, अडला तर जॅस्पर. साखरेसारखे दाणे चमकले तर संगमरवर किंवा गारगोटीच्या कणांचा क्वार्टझाइट, आणि या दोघांना चाकू लगेच वेगळं करतो.

[दृश्य: कापाच्या कडेवर चाकूचं टोक.]

फ्रीडरिख मोह्‌स यांनी १८१२ मध्ये मांडलेली काठिण्याची १ ते १० ही श्रेणी आजही हाताशी असते. पोलादी चाकू साधारण ५.५, चांगली कानस ६.५, गारगोटी ७. ओरखडा नेहमी कडेला काढावा आणि ओल्या बोटाने पुसून बघावा. कठीण दगडावर पोलादच झिजून करडी रेघ उमटते. ती पुसली जाते, खरा ओरखडा राहतो. दगडात दोन-तीन खनिजं असतील, तर प्रत्येक रंगावर वेगळी चाचणी करायची. उनाकाइटमध्ये गुलाबी फेल्डस्पार, हिरवं एपिडोट आणि गारगोटी शेजारी शेजारी असतात.

पण माझा सर्वात जास्त भरवसा वजनावर आहे.

[दृश्य: इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याचं भांडं. दोऱ्याला बांधलेला काप पाण्यात उतरतो.]

कोरड्या कापाचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. काप दोऱ्याने पाण्यात असा सोडा की तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काट्यावर जो आकडा चढेल, ते दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागलं की विशिष्ट गुरुत्व मिळतं, म्हणजे दगड तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड आहे ते. कोरडं वजन १३२ ग्रॅम आणि काट्यावर ५० आले, तर उत्तर २.६४. हा आकडा गारगोटीच्या कुळातला. कापाला चिकटलेले हवेचे बुडबुडे मात्र आधी काढायचे.

आता हिरव्या दगडांकडे बघा. सर्पेंटाइनचं विशिष्ट गुरुत्व साधारण २.६; जेडचे दोन प्रकार, नेफ्राइट २.९५ च्या आसपास, जेडाइट ३.३ च्या पुढे. सर्पेंटाइनचे काही प्रकार इतके घट्ट असतात की चाकूलाही दाद देत नाहीत आणि जेड म्हणून खपतात. वजन त्यांना पकडतं. निळ्यातही तेच: सोडालाइट २.३ च्या जवळपास, लाजवर्द, म्हणजे लॅपिस लाझुली, २.७ ते २.९. सोनेरी कण पायराइट या धातूसारख्या चमकणाऱ्या खनिजाचे असतील तर लाजवर्दाची शक्यता वाढते. वजन घेतलं की बरीचशी खात्री होते.

[दृश्य: कडेवर आम्लाचा थेंब, बारीक फेस.]

विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब कॅल्साइटवर, म्हणजे संगमरवराच्या मुख्य खनिजावर, लगेच फसफसतो. डोलोमाइट मात्र पूड केल्यावरच नीट प्रतिसाद देतो. अकिकाच्या पोकळीतही कॅल्साइट भरलेलं असू शकतं, म्हणून थेंब कुठे टाकला याची नोंद ठेवा. हातमोजे आणि चष्मा हवाच.

भडक गुलाबी किंवा निळा अकीक दिसला, तर रंगवलेला असण्याची शक्यता धरा. रंग भेगांत गडद साचलेला दिसतो. ॲसिटोनच्या बोळ्याला रंग लागला नाही, तरी दगड नैसर्गिक ठरत नाही. कित्येक रंग सूक्ष्म छिद्रांत कायमचे बसतात.

[दृश्य: पाणी सोडलेलं चाक, मास्क लावलेला कारागीर.]

ओळख पटण्याआधी कोरडं घासू नका, आणि खरं तर पटल्यावरही नाही. सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. सर्पेंटाइनमध्ये क्रिसोटाइल हे ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज, असू शकतं. चाकावर पाणी आणि तोंडावर योग्य प्रतीचा मास्क, दोन्ही लागतात.

एवढं करूनही शंका उरली, तर कोपऱ्याचा छोटा तुकडा कापून शेवटच्या झिलईपर्यंत न्या. मऊ खनिज आधी झिजून खड्डे पडले, तर सगळा काप वाया घालवण्याआधीच ते समजतं. मग उरलेल्या कापाच्या कडेला पक्क्या शाईने लिहा: खनिज, काठिण्य, विशिष्ट गुरुत्व, कोणाकडून घेतला. ठिकाण ठाऊक नसेल तर ‘ठिकाण अज्ञात’ असंच लिहा. पुढे तो काप ज्याच्या हाती जाईल, त्याला खोट्या नावापेक्षा याचाच उपयोग होईल.