अरोराच्या पोटात : चर्चिलचा रॉकेटतळ

[दृश्य : गोठलेला हडसन उपसागर, काठावर प्रक्षेपणाचा मनोरा]

कॅनडातलं चर्चिल. इथवर रस्ता येत नाही. यायचं तर रेल्वेने किंवा विमानाने. तरीही गावापासून वीसेक किलोमीटरवर रॉकेटतळ झाला, कारण ध्रुवीय प्रकाशाचा, म्हणजे अरोराचा पट्टा इथे थेट डोक्यावर येतो. शिवाय रॉकेटचे जळून गेलेले टप्पे पडायला समोर निर्मनुष्य उपसागर.

1954 मध्ये कॅनडाच्या लष्कराची अडचण साधी होती : अरोरा पेटला की लांब पल्ल्याचा रेडिओ बिघडायचा. पुढे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी, म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेल्या पृथ्वीच्या अभ्यासासाठी, 1956 पासून तळ वाढला. त्या वर्षांतलं नेहमीचं रॉकेट नाइकी-काजुन. खालचा टप्पा विमानवेधी क्षेपणास्त्राचा बूस्टर, तीन-साडेतीन सेकंदांत संपणारा. केरळातल्या थुंब्याहून 1963 मध्ये उडालेलं नाइकी-अपाचे याच कुळातलं.

[दृश्य : बर्फात उभा लाँचर]

खरा शत्रू थंडी. घन इंधन फार गारठलं की ठिसूळ होतं. त्याला तडा गेला तर जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि मोटर फुटते. तडा नाही गेला तरी थंड इंधन सावकाश जळतं, मग उंचीचा हिशेब चुकतो. म्हणून रॉकेट उडेपर्यंत उबेत ठेवायचं. एरोबी या द्रव इंधनाच्या रॉकेटचं दुखणं वेगळं. त्यातलं अ‍ॅनिलीन एकटं असतं तर उणे 6 अंशांलाच गोठलं असतं. म्हणून त्यात फर्फ्युरिल अल्कोहोल मिसळत. जोडीला धूमायमान नायट्रिक आम्ल : दोन्ही भेटले की ठिणगीशिवाय आग. एरोबीचा उंच मनोरा बंदिस्त आणि तापवलेला असे, तो यासाठीच.

मग वारा. या रॉकेटांना दिशा देणारी यंत्रणा नव्हती, फक्त शेपटाचे पंख. इंजिन चालू असताना असं रॉकेट वाऱ्याकडेच तोंड वळवतं. जमिनीलगत वेग कमी, त्यामुळे तिथला झोत सर्वांत महागात पडतो. फुगे सोडून वारा मोजायचा, लाँचरचा कोन तेवढा फिरवायचा. झोत वारंवार बदलत असले तर उड्डाण थांबवायचं. अरोरा मात्र कुणासाठी थांबत नाही.

फेब्रुवारी 1958 मध्ये वारा आणि अरोरा दोन्ही जुळलं. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल मॅकइल्वेन यांच्या रॉकेटमधल्या उपकरणांनी अरोरातून जाताना काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मोजले. प्रकाश कोण पेटवतं, ते तिथे हाती लागलं.

1959 मध्ये इथूनच कॅनडाचं ब्लॅक ब्रँट रॉकेट पहिल्यांदा उडालं. 1970 मध्ये तोवर तळ चालवणारं अमेरिकी सैन्य निघून गेलं आणि तळ कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेकडे आला. सारी मिळून 3500 हून जास्त उड्डाणं. 1998 मध्ये एका खासगी कंपनीने एकच ब्लॅक ब्रँट उडवलं, आणि काही आठवड्यांत गाशा गुंडाळला.