सिलेक्ट टॅगला रूप कसं द्यायचं: बंद डबा, उघडी यादी आणि नवा बेस-सिलेक्ट

[कॅमेऱ्यासमोर]

फॉर्ममधलं बाकी सगळं मनासारखं जमतं. इनपुट जमतात, बटणं जमतात, आणि मध्येच हा सिलेक्ट, म्हणजे पर्याय निवडायचा ड्रॉपडाऊन, येतो. विंडोजवर एक दिसतो, मॅकवर दुसरा, आयफोनवर तिसराच. मग आपण ऑप्शनला, म्हणजे यादीतल्या पर्यायाला, पॅडिंग देतो, गोल कोपरे देतो, सेव्ह करतो, रिफ्रेश करतो. ढिम्म काही हलत नाही.

त्याचं कारण आधी समजून घ्या, नाहीतर पुढची दोन तास डोकेफोड ठरलेली. सिलेक्ट हा दिसायला एक टॅग, पण त्यात दोन निरनिराळे भाग आहेत. एक, बंद असताना दिसणारा डबा. हा पानाचाच भाग आहे, त्याला तुमचं सीएसएस लागू पडतं. दुसरा, क्लिक केल्यावर उघडणारी यादी. ती आजवर ब्राउझर किंवा थेट ऑपरेटिंग सिस्टिम काढत आली आहे. म्हणून विंडोजवरच्या क्रोममध्ये ऑप्शनचा बॅकग्राउंड रंग बदलतो, आणि तेच पान मॅकवरच्या क्रोममध्ये उघडलं तर यादी मॅकची असते, तुमचा रंग ती बघतसुद्धा नाही. ऑप्शनचं पॅडिंग तर बहुतेक ठिकाणी वाऱ्यावर जातं.

तेव्हा आजचा क्रम असा: आधी डबा नीट करायचा, जुनी यादी आहे तशी ठेवायची, आणि ज्या ब्राउझरला बेस-सिलेक्ट ही यादीला रूप देण्याची नवी सोय कळते तिथे तेवढा वरचा थर चढवायचा.

उदाहरण मराठीच घेऊ. जिल्हा निवडायचा सिलेक्ट. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे, सहा महसुली विभागांप्रमाणे ऑप्ट-ग्रुपमध्ये, म्हणजे ऑप्शनचे गट करणाऱ्या टॅगमध्ये, टाकलेले: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर.

[स्क्रीनवर: साधा सिलेक्ट, कुठलंही सीएसएस नाही]

पहिली ओळ, फाँट: इनहेरिट. फॉर्ममधले घटक पानाचा फाँट आपोआप घेत नाहीत, ब्राउझरचा स्वतःचा घेतात. ही ओळ विसरली की बाजूच्या इनपुटमध्ये एक फाँट आणि सिलेक्टमध्ये दुसराच.

पण इनहेरिट केल्यावर अक्षर किमान १६ पिक्सेलचं आहे ना, ते बघा. आयफोनवरच्या सफारीत फॉर्ममधलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर बोट लावताक्षणी पान झूम होतं. मग लोक व्ह्यूपोर्ट मेटा टॅगमध्ये झूमच बंद करून टाकतात. कृपा करून ते करू नका, ज्याला कमी दिसतं त्याची सोय तुम्ही काढून घेता. अक्षर १६ चं ठेवा, विषय संपला.

दुसरी ओळ, अपिअरन्स: नन. सिस्टिमचं रूप गेलं, आणि त्याबरोबर बाणही गेला. सफारीला १५.४ पासून ही ओळ उपसर्गाशिवाय कळते. त्याआधीच्या सफारीसाठी वर वेबकिट उपसर्गाची ओळही ठेवा.

आता उंची. इथे जरा थांबू, कारण इंग्रजी ट्यूटोरियलमधले आकडे देवनागरीला जसेच्या तसे चालत नाहीत.

[स्क्रीनवर: सिलेक्ट जवळून, निवडलेला जिल्हा 'सिंधुदुर्ग']

हा शब्द बघा, सिंधुदुर्ग. वर वेलांटी, अनुस्वार आणि रफार, खाली दोन उकार. समजा हाइट ३२ पिक्सेल, वरखाली ८-८ पिक्सेल पॅडिंग, एक पिक्सेल बॉर्डर, आणि बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर हाइटच्या आतच मोजायची. ३२ मधून १६ गेले, बॉर्डरचे दोन गेले, अक्षराला राहिले १४. सोळाच्या अक्षराला १४ पिक्सेलची जागा! रोमन अक्षरं त्यातही कशीबशी भागवून नेतात. इथे उकार तळाशी कापला जातो, रफार वरच्या कडेला घासतो. आणि साइटचा फाँट फक्त रोमन असेल तर देवनागरी अक्षरं सिस्टिमच्या फाँटवर पडतात, विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो. प्रत्येकाची उंची वेगळी. म्हणजे तुमच्या मशीनवर नीट दिसलं म्हणून वापरणाऱ्याकडेही दिसेल याचा भरवसा नाही.

म्हणून हाइट लिहायचीच नाही. मिन-हाइट ४४ पिक्सेल, लाइन-हाइट १.५, वरखाली १० पिक्सेल पॅडिंग. अक्षराची ओळ २४, पॅडिंग २०, बॉर्डर २, एकूण ४६. बोटालाही पुरेसं, उकारालाही.

उजवीकडचं पॅडिंग मात्र ४० पिक्सेल, डावीकडे १२. उजवीकडे जास्त का, तर बाण तिथे बसणार आहे. तिथेही १२ च ठेवलं तर 'पुणे' निवडल्यावर काही बिघडत नाही, पण अरुंद फोनवर कोणी 'छत्रपती संभाजीनगर' निवडलं की अक्षरं बाणावर चढतात. टेस्ट करताना नेहमी सगळ्यात लांब नाव निवडा.

रुंदीचंही तेच. सिलेक्ट आपली रुंदी सगळ्यात लांब ऑप्शनवरून ठरवतो, निवडलेला कुठलाही असो. फ्लेक्स किंवा ग्रिडमध्ये हा हट्टीपणा फॉर्मला फोनच्या कडेबाहेर ढकलतो. विड्थ १०० टक्के, मिन-विड्थ शून्य, आणि टेक्स्ट-ओव्हरफ्लो: इलिप्सिस.

आता बाण. सिलेक्टला बिफोर आणि आफ्टर चालत नाहीत, तिथे वेळ घालवू नका. दोन रस्ते आहेत. एक, सिलेक्टभोवती डिव्ह घालून बाण त्यावर बसवायचा. मग बाणाला पॉइंटर-इव्हेंट्स: नन हवंच, नाहीतर लोक नेमके बाणावर क्लिक करतात आणि यादी उघडत नाही. दुसरा, बॅकग्राउंड-इमेजमध्ये छोटा एसव्हीजी. मी दुसरा घेतो, एचटीएमएलला हात लावावा लागत नाही.

[स्क्रीनवर: बॅकग्राउंड-इमेज, रिपीट, पोझिशन, साइझ अशा चार ओळी]

बाण १२ बाय ८ पिक्सेल, पोझिशन राइट १४ पिक्सेल सेंटर, नो-रिपीट. यात फसायच्या जागा तीन.

एक, रंगाचा हॅश. एसव्हीजी डेटा यूआरएलमध्ये घातला की हॅशचं चिन्ह चालत नाही, यूआरएल तिथेच तुटतो आणि बाण गायब. हॅशच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे तेवीस लिहायचं. करंट-कलर लिहून सुटका होईल असं वाटतं, पण बॅकग्राउंडमधल्या एसव्हीजीला पानाचा रंग कळत नाही. डार्क मोडसाठी दुसरा बाण द्यावा लागतो.

दोन, होव्हर. होव्हरवर कोणीतरी नुसतं 'बॅकग्राउंड' लिहून फिका रंग देतं. ही शॉर्टहँड आहे, म्हणजे बॅकग्राउंडचे सगळे गुणधर्म एकदम लिहायची ओळ, ती बॅकग्राउंड-इमेजसुद्धा पुसून टाकते. माउस आला की बाण पळाला! लिहायचं बॅकग्राउंड-कलर. 'बाण कधी दिसतो, कधी नाही' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हीच ओळ शोधतो.

तीन, विंडोजचा हाय कॉन्ट्रास्ट मोड. तिथे रंग सिस्टिम बदलते, पण तुमच्या चित्राचा रंग तोच राहतो. काळ्या पार्श्वभूमीवर काळा बाण. फोर्स्ड-कलर्स: अ‍ॅक्टिव्ह या मीडिया क्वेरीत अपिअरन्स पुन्हा ऑटो करा आणि बॅकग्राउंड-इमेज काढा. दोन ओळींचं काम आहे.

आणखी एक, मल्टिपल किंवा साइझ लावलेले सिलेक्ट. ते ड्रॉपडाऊन नसतातच, उघडी यादी असते. त्यांच्या मधोमध बाण लटकलेला दिसला तर नवल नको. सिलेक्टरमध्ये नॉट मल्टिपल, नॉट साइझ असं लिहून त्यांना वगळा.

बॉर्डर. फिकट करडी, हॅश सी-सी-सी, ही डिझाइनरांची लाडकी. पांढऱ्यावर तिचा कॉन्ट्रास्ट १.६ च्या आसपास भरतो, आणि डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे नियम, अशा कडेला किमान ३ मागतं. हॅश ७६७६७६ घ्या, साडेचारच्या वर जातो. आणि फोकस दिसायलाच हवा: फोकस-व्हिजिबलवर आउटलाइन दोन पिक्सेल, ऑफसेट दोन पिक्सेल. नुसतं 'आउटलाइन: नन' लिहून पुढे जाणाऱ्यांनी एकदा माउस बाजूला ठेवून स्वतःचा फॉर्म भरून बघावा.

'जिल्हा निवडा' हा पहिला ऑप्शन व्हॅल्यू रिकामी ठेवून टाका आणि सिलेक्टला रिक्वायर्ड लावा. व्हॅल्यू लिहिलीच नाही तर ऑप्शनमधला मजकूरच व्हॅल्यू ठरतो, आणि सर्व्हरकडे जिल्हा म्हणून 'जिल्हा निवडा' जातं. तो करडा दिसायला हवा तर सिलेक्ट इनव्हॅलिडवर रंग द्या, पण त्याबरोबर ऑप्शनला गडद रंग द्यायला विसरू नका, नाहीतर विंडोजवर अख्खी यादीच करडी होते.

डार्क मोड असेल तर रूटवर कलर-स्कीम: लाइट डार्क. जुन्या यादीपर्यंत पोचणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक आहे. ही ओळ नसली की काळ्या पानातून पांढरीफटक यादी उघडते.

[कॅमेऱ्यासमोर]

डबा झाला. आता यादी, म्हणजे बेस-सिलेक्ट. क्रोम आणि एज १३५ पासून, म्हणजे एप्रिल २०२५ पासून, यादीला खरंखुरं सीएसएस लागतं. बाकी ब्राउझरसाठी सगळं सपोर्ट्सच्या अटीत गुंडाळायचं: अ‍ॅट-सपोर्ट्स, कंसात अपिअरन्स: बेस-सिलेक्ट. ज्याला कळत नाही त्याला आधीचा डबा आणि त्याची नेहमीची यादी मिळते. मोडत काहीच नाही.

अपिअरन्स: बेस-सिलेक्ट दोन ठिकाणी द्यायचं, सिलेक्टला आणि पिकर या स्यूडो-एलिमेंटला, म्हणजे उघडणाऱ्या यादीला. फक्त सिलेक्टला दिलं तर डबा नवा होतो आणि यादी जुनीच राहते.

[स्क्रीनवर: डब्यात दोन बाण]

आणि हे बघा, दोन बाण. एक आपला बॅकग्राउंडवाला, एक बेस-सिलेक्टचा स्वतःचा, पिकर-आयकॉन. सपोर्ट्सच्या आत बॅकग्राउंड-इमेज: नन करा, उजवं पॅडिंग १२ वर आणा. मग सिलेक्ट ओपन असताना पिकर-आयकॉनला रोटेट १८० डिग्री देता येतं.

पिकरला बॉर्डर, गोल कोपरे, सावली, मॅक्स-हाइट ३२० पिक्सेल. ३६ जिल्ह्यांची यादी मोकळी सोडली तर पूर्ण स्क्रीन व्यापते. ऑप्शनला वरखाली ८ आणि बाजूंना १२ पिक्सेल पॅडिंग, आता ते खरंच लागतं. निवडलेल्याला टिकमार्क आपोआप येतो, चेकमार्क नावाने. तो उजवीकडे न्यायचा तर ऑर्डर १ आणि मार्जिन-लेफ्ट ऑटो, कारण ऑप्शन आता फ्लेक्स आहे. ऑप्शनमध्ये चित्रही टाकता येतं. जुना ब्राउझर चित्र गाळून मजकूर ठेवतो, म्हणून चित्राशिवायही ऑप्शन वाचता आला पाहिजे.

फुकट मात्र काही नाही. बेस-सिलेक्ट लांब ऑप्शन मोजत नाही, म्हणून विड्थ दिली नसेल तर निवड बदलली की डब्याची रुंदी बदलते. आपण १०० टक्के दिलीय, आपण वाचलो. फोनवर सिस्टिमचा निवडायचा पडदा येत नाही, तुमचीच यादी येते. त्यामुळे ऑप्शनची उंची बोटाच्या मापाची हवी. आणि यादी ब्राउझरच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. छोट्या आयफ्रेममधल्या फॉर्मला हे जाचतं: जुनी यादी फ्रेमबाहेर उघडायची, ही आत कोंबली जाते. तिथे जुनीच ठेवा.

राहता राहिले जावास्क्रिप्टने डिव्ह जोडून केलेले ड्रॉपडाऊन. प्रोजेक्टमध्ये आधीच असेल तर कीबोर्डवर तपासा: टॅबने पोचता येतं का, खाली-वर बाण चालतात का, होम आणि एंड, एस्केपने बंद होतं का, अक्षर दाबलं की त्या नावावर उडी जाते का. स्क्रीन रीडरला एरिया-एक्सपांडेड, म्हणजे यादी उघडी आहे की बंद, हे कळतं का. फॉर्म सबमिट केल्यावर व्हॅल्यू जाते का, की कुठेतरी लपवलेला इनपुट भरायचा राहिलाय. खऱ्या सिलेक्टमध्ये हे सगळं आयतं मिळतं. अक्षरावरच्या उडीत मात्र मराठी फॉर्मची एक अडचण खऱ्या सिलेक्टलाही सुटत नाही: कीबोर्ड इंग्रजीवर असेल आणि कोणी 'एस' दाबला, तर सातारा, सांगली, सोलापूर यांतलं काहीच सापडत नाही. सीएसएसने यावर काही करता येत नाही. म्हणूनच विभागांचे ऑप्ट-ग्रुप घातले, म्हणजे ३६ नावं चाळण्याऐवजी माणूस आधी आपला विभाग शोधतो, आणि कोकण विभागात त्याला सातच नावं बघावी लागतात.