नवगावचं गलबत आणि वाय गुणसूत्र

श्रोतेहो, नमस्कार.

अलिबागजवळ नवगाव नावाचं गाव आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की फार पूर्वी या किनाऱ्यालगत एक गलबत फुटलं आणि सात पुरुष नि सात बाया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेल्या मृतांना गावाजवळच पुरलं, पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे. वाचलेल्यांनी पुढे तेलाचे घाणे चालवले. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणचे झाले पेणकर, रोह्याचे रोहेकर. बोलणं मराठी, नेसणं नऊवारी.

हे लोक आले कुठून? त्या गलबताचा कागद कुणाकडेच नाही. पण एक दस्त असा आहे, जो बाप मुलाला देतो आणि मुलगा नातवाला. तो म्हणजे वाय गुणसूत्र.

आपली बाकीची गुणसूत्रं दर पिढीला पत्त्यांसारखी पिसली जातात. वाय मात्र, टोकं सोडली तर, जवळपास जसंच्या तसं उतरतं. उतरवून घेताना एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढे वंशभर चालते. समान चूक असलेले पुरुष एका पूर्वजाचे वंशज. त्यांच्या गटाला हॅप्लोग्रुप म्हणतात. या गटांना ‘ए’पासून ‘टी’पर्यंत अक्षरं दिलेली आहेत. ‘एच’ प्रामुख्याने आपल्या उपखंडातला, ‘जे’ पश्चिम आशियात भरपूर, ‘ओ’ पूर्व आणि आग्नेय आशियात. झारखंड-ओडिशातल्या मुंडा भाषा बोलणाऱ्या पुरुषांमध्ये हा ‘ओ’ ठळक दिसतो. त्यांच्या आयांची बाजू मात्र इथलीच आहे.

बेने इस्रायलींचंही काहीसं असंच निघालं. 2016 साली त्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे भरघोस सापडले. ज्यू वारसा मुख्यत्वे बापांकडून आलेला, भारतीय वारसा मुख्यत्वे आयांकडून. हा मिलाफ 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झाला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. गलबत कधी फुटलं ते यावरून ठरत नाही. माणसं आधी येऊन राहिली असतील, सोयरिकी नंतर जमल्या असतील. पण ज्यांना कुणी ‘हे कसले ज्यू?’ म्हणून हिणवलं, त्यांच्या आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीत तथ्य होतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

हल्ली लाळेचा नमुना पाठवला की आपलं अक्षर घरपोच कळतं. इथे एक कळकळीचं सांगणं. त्या अक्षरावर जात नसते, धर्म नसतो. ‘जे’ची एक शाखा भारतभर नाना जातीजमातींत आहे. तेवढ्यावरून कुणी ज्यू ठरत नाही, की परका ठरत नाही. आणि दहा पिढ्या मागे गेलं, तर आपल्या वंशवृक्षात 1024 जागा असतात. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच पुरुषाचा माग सांगतं. उरलेल्या 1023 जणांबद्दल ते मुकं आहे, आणि त्यांत निम्म्याहून जास्त बाया आहेत.

म्हणून मला बेने इस्रायलींचा मलिदा फार महत्त्वाचा वाटतो. नवस फेडताना, लग्नकार्यात तो करतात. भिजवलेले पोहे, त्यात खवलेला ओला नारळ, साखर, वेलची, भोवती फळं. ताटाभोवती सगळे जमतात आणि प्रेषित एलियाहू हनाबीचं नाव घेत हिब्रू प्रार्थना म्हणतात. ती प्रार्थना समुद्रापलीकडून आली. पोहे मात्र इथल्याच कुणा आईनं पहिल्यांदा भिजवले असणार, आपल्या आईनं शिकवले होते तसेच.

नमस्कार.