३७ नंबर ॲडम गुड्स : ३७२ मॅचेस आणि शेवटची हुर्यो

एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हटलं की आपल्याला बॉक्सिंग डे टेस्ट आठवते, पण खरं सांगायचं तर वर्षातला बराच काळ ते ग्राउंड क्रिकेटचं नसतंच. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तिथे फूटी चालते, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. अंडाकृती बॉल, एका टीमचे १८ जण, चार क्वार्टर, आणि दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने बॉल गेला की ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर १. हेल्मेट नाही, पॅड नाही, आणि बॉल झेलायला दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवून वर चढलात तरी चालतं, उलट पब्लिक त्यालाच जास्त टाळ्या वाजवतं. या असल्या खेळात १९९९ ते २०१५ तब्बल १७ सीझन एकाच क्लबकडून खेळलेला माणूस म्हणजे सिडनी स्वान्सचा ॲडम गुड्स.

जन्म जानेवारी १९८०, साउथ ऑस्ट्रेलियातलं वॉलारू हे गाव. आई आदिवासी. ती लहान असताना सरकारनेच तिला तिच्या घरच्यांपासून तोडून नेलं होतं. ऑस्ट्रेलियात हे कित्येक दशकं चाललं, आदिवासी पोरं आईबापांकडून काढून घ्यायची आणि मिशनमध्ये नाहीतर गोऱ्यांच्या घरात वाढवायची. त्या पिढ्यांना तिकडे स्टोलन जनरेशन्स म्हणतात. ॲडमचे आईवडील लवकर वेगळे झाले, आईने पोरांना घेऊन गावं बदलली, आणि ॲडम तोपर्यंत सॉकर खेळायचा बरं का. मग ते मर्बिन नावाच्या छोट्या गावात गेले, तिथे सॉकरची टीमच नव्हती, म्हणून हा फूटीकडे वळला. एवढं साधं कारण.

१९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवी पोरं निवडतात तिथे, स्वान्सने त्याला ४३ व्या नंबरवर घेतलं, म्हणजे त्याच्या आधी ४२ पोरं उचलली गेली होती. पहिलं वर्ष रिझर्व्हमध्ये गेलं, १९९९ ला मेन टीममध्ये आला आणि त्याच वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम नवख्याचा रायझिंग स्टार अवॉर्ड घेऊन गेला. उंची सव्वासहा फुटांच्या आसपास, पण पळायला मात्र बुटक्या मिडफिल्डरसारखा, त्यामुळे कोचने त्याला कुठेही उभं करावं. रकमध्ये, म्हणजे अंपायरने उडवलेला बॉल आधी कोण मारतो ती उंच माणसांची लढाई, तिथे चालायचा, पुढे गोल मारायला चालायचा, मधे चालायचा, गरज पडली तर डिफेन्समध्येही.

२००३ मध्ये ब्राउनलो मेडल. सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं हे मेडल अंपायर देतात, प्रत्येक मॅचनंतर तिघांना ३, २, १ अशी मतं. आणि अट अशी की त्या सीझनमध्ये खेळाडू गैरवर्तनासाठी सस्पेंड झाला असेल तर कितीही मतं मिळोत, तो बाद. ही अट लक्षात ठेवा. त्या वर्षी तिघांची मतं सारखी झाली, नेथन बकली, मार्क रिच्युटो आणि गुड्स, तिघांनाही मेडल. २००६ ला मात्र एकट्याने जिंकलं. दोन ब्राउनलो मिळवणारा तो पहिला आदिवासी खेळाडू.

मधे २००५ ची ग्रँड फायनल. स्वान्स मूळचा मेलबर्नचा क्लब, साउथ मेलबर्न, १९८२ मध्ये सिडनीला हलवला. शेवटचं विजेतेपद १९३३ चं, म्हणजे ७२ वर्षं काही नाही. वेस्ट कोस्टविरुद्ध ४ पॉइंटने जिंकले, शेवटच्या सेकंदांना लिओ बॅरीने गर्दीत उडी मारून बॉल झेलला म्हणून.

पण मला विचाराल तर गुड्सची मॅच २०१२ ची, हॉथॉर्नविरुद्धची फायनल. मॅच चालू असतानाच त्याच्या गुडघ्यातलं मागचं लिगामेंट फाटलं. दुसरा कोणी असता तर बर्फ लावून बाहेर बसला असता आणि कुणी काही बोललंही नसतं. हा परत आत आला, लंगडत खेळला, शेवटच्या क्वार्टरमध्ये गोल मारला, आणि स्वान्स १० पॉइंटने जिंकले. वय ३२.

इथे संपवली असती तर ही नेहमीची स्पोर्ट्स स्टोरी झाली असती.

२४ मे २०१३, एमसीजी, समोर कॉलिंगवूड, आणि तो आदिवासी खेळाडूंच्या सन्मानाचा खास राउंड. मॅच संपत आलेली, बाउंड्रीजवळ प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला माकड या अर्थाची शिवी दिली. त्याने वळून बोट दाखवलं, सिक्युरिटीने त्या व्यक्तीला बाहेर नेलं. ती १३ वर्षांची मुलगी निघाली. दुसऱ्या दिवशी प्रेससमोर तो काय बोलला हे नीट ऐका, कारण नंतर लोक सोयीस्कर विसरले. तो म्हणाला की दोष तिचा नाही, तिला त्रास देऊ नका, तिला आधार द्या. मुलीने फोन करून माफी मागितली, विषय संपला. आणि काही दिवसांत कॉलिंगवूडचा अध्यक्ष एडी मग्वायर, ज्याने मॅचनंतर स्वतः ड्रेसिंग रूममध्ये जाऊन माफी मागितली होती तोच, रेडिओवर म्हणाला की किंग काँग नाटकाच्या जाहिरातीला गुड्सला वापरा. मग परत माफी.

आपण यावर लांबून च्च च्च करायचं काही कारण नाही. २००७ मध्ये अँड्र्यू सायमंड्सला वडोदऱ्यात आणि मग आपल्या वानखेडेवर माकडाचे आवाज काढून, हावभाव करून चिडवलं गेलं, फोटोसकट पेपरात आलं होतं.

२०१४ ला गुड्स ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर झाला, तिथे वंशवादावर मोकळं बोलला, आणि तिथून स्टेडियममध्ये हुर्यो सुरू झाली. त्याच्याकडे बॉल गेला की हू. मे २०१५ मध्ये एससीजीवर, म्हणजे सिडनी क्रिकेट ग्राउंडवर, कार्लटनविरुद्ध गोल मारल्यावर त्याने आदिवासी युद्धनृत्याच्या चार स्टेप केल्या, शेवटी हवेत भाला फेकल्यासारखं केलं, मग तर आठवड्यामागून आठवडे तेच. हुर्यो करणारे म्हणायचे, रंगाचा प्रश्नच नाही, तो फ्री किकसाठी नाटकं करतो, लहान मुलीला टार्गेट केलं. ती ब्राउनलोची गैरवर्तनाची अट आठवतेय ना? ती पाळूनच त्याने दोनदा मेडल घेतलं होतं. आणि नाटकं करणारे लीगमध्ये बरेच होते हो, हे असं मात्र एकालाच.

जुलैत पर्थला वेस्ट कोस्टच्या ग्राउंडवर ते इतकं वाढलं की टीममेट लुइस जेटाने गोल मारून मुद्दाम तोच डान्स केला. नंतर गुड्सने सुट्टी घेतली, पुढची मॅच खेळलाच नाही. त्या मॅचला एससीजीवर तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला, त्याच्या जर्सीच्या ३७ नंबरमधले ३ आणि ७, अख्खं पब्लिक उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तो परत आला, सीझन पूर्ण केला, सप्टेंबरमध्ये सेमीफायनल हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये टीमला सांगितलं की बास. ३७२ मॅचेस, ४६४ गोल. रिटायर होणाऱ्या खेळाडूंना ग्रँड फायनलच्या दिवशी गाडीतून ग्राउंडची फेरी मारायला मिळते, तो गेला नाही.

त्यानंतर त्याने मायकल ओलॉफलिन या जुन्या टीममेटबरोबर २००९ मध्ये सुरू केलेल्या गो फाउंडेशनचं काम चालू ठेवलं, आदिवासी पोरांना शिक्षणासाठी स्कॉलरशिप. २०१९ मध्ये लीगने आणि सगळ्या १८ क्लबांनी मिळून माफी मागितली, वेळेवर त्याच्या बाजूने उभे राहिलो नाही म्हणून. चार वर्षं लागली. २०२१ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं ठरलं, त्याने नको म्हणून कळवलं, आणि ही बातमी जाहीर करताना लीगच्या चेअरमनने आणखी एकदा माफी मागितली. त्याचं उत्तर नाहीच राहिलं.