निर्बंधांचा हिशेब: कोण वाचले, कोणी सोसले

नमस्कार श्रोतेहो.

३० जानेवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडमुळे आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि ५ मे २०२३ रोजी ती उठवली. मधल्या सव्वातीन वर्षांत जगभरातल्या सरकारांनी नागरिकांवर जी बंधने घातली, तशी शांततेच्या काळात क्वचितच घातली गेली असतील. त्या बंधनांनी समाजाचे भले किती झाले आणि नुकसान किती, याचा विचार आज आपल्याला करायचा आहे. लॉकडाउन योग्य होता की चुकीचा, असा सरसकट प्रश्न विचारला की हा विचार तिथेच खुंटतो. मुखपट्टी, गर्दीवरची बंदी, प्रवासबंदी, शाळाबंदी आणि रुग्णाला भेटण्याची मनाई ही निरनिराळी औषधे होती; प्रत्येकाचा गुण वेगळा, मात्रा वेगळी आणि अपाय सोसणारा माणूसही वेगळा.

फायद्याचा विचार करताना काळाचे महत्त्व ओळखावे लागते. सुरुवातीला बाधितांचा आकडा काही दिवसांत दुप्पट होत होता आणि आज लागण झालेला माणूस रुग्णालयात पोहोचायला आठवडा-दोन आठवडे लागत होते. म्हणजे अतिदक्षता विभाग भरल्याचे दिसेपर्यंत पुढच्या कित्येक रुग्णांची लागण होऊन गेलेली असे. इटलीतल्या लोम्बार्डीत मार्च २०२० मध्ये हेच घडले आणि खाटांअभावी कोणावर आधी उपचार करायचे हे ठरवण्याची वेळ डॉक्टरांवर आली. अशा वेळी गर्दी थांबवणे म्हणजे नुसते संकट पुढे ढकलणे होय, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. पण या आजारात पुढे ढकलण्यालाच मोठे मोल होते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते असे सिद्ध झाले आणि ८ डिसेंबर २०२० पासून ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झाले. मार्चमध्ये ज्याच्यापुढे केवळ नशिबाचा भरवसा होता, त्याच माणसाला तोच आजार वर्षभराने झाला असता तर औषध, लस आणि शिकलेले डॉक्टर असे तिन्ही हाताशी असते. सुरुवातीच्या निर्बंधांनी हा काळ मिळवून दिला आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नुकसानीच्या बाजूला मात्र सर्वांत वर नाव येते ते शाळांचे. एप्रिल २०२० च्या सुमारास जगात १५० कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालये बंद होती. तेवढ्या दिवसांपुरते ते समजण्यासारखे होते, कारण मुलांना हा आजार कितपत होतो आणि ती तो कितपत पसरवतात, हे तेव्हा पुरेसे कळलेले नव्हते. पण मुलांना गंभीर आजाराचा धोका अगदी कमी आहे हे काही महिन्यांत स्पष्ट झाल्यावरही, दुकाने, उपाहारगृहे आणि कार्यालये उघडल्यानंतरही अनेक देशांत शाळांची दारे बंदच राहिली. सहा वर्षांचे मूल अक्षर गिरवते तेव्हा शिक्षकांची नजर त्याच्या पेन्सिलीच्या टोकावर असते; 'ब'च्या पोटातली रेघ राहून 'व' झाला, तर बोट ठेवून तिथल्या तिथे दाखवले जाते. हे काम मोबाईलच्या पडद्यावरून झाले नाही, आणि ज्या घरात मोबाईलच नव्हता तिथे तर काहीच झाले नाही. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधा मजकूर वाचून न समजणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांचे प्रमाण साथीपूर्वी ५७ टक्के होते, ते ७० टक्क्यांवर गेल्याचा अंदाज जागतिक बँक, युनेस्को आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये दिला. ज्यांना धोका सर्वांत कमी होता, त्यांच्याकडूनच सर्वांत मोठी किंमत वसूल केली गेली.

तीच गत हातावर पोट असलेल्यांची. घरी बसून पगार घेता येणाऱ्यांसाठी टाळेबंदी गैरसोयीची होती. रोज कमावून रोज खाणाऱ्यांसाठी ती उपासमारीची होती. २०२० या एका वर्षात जगात सुमारे ७ कोटी लोक नव्याने अतिदारिद्र्यात ढकलले गेले. यातला सगळा वाटा निर्बंधांचा नव्हता हेही सांगितले पाहिजे, कारण अनेक ठिकाणी हुकूम निघण्याआधीच लोकांनी भीतीने बाहेर पडणे सोडले होते. फायद्याचेही तसेच आहे. वाचलेला प्रत्येक जीव हुकमाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

काही बंधनांना तर समर्थनच उरत नाही. विषाणू प्रामुख्याने कोंदट, बंद जागेत पसरतो हे कळून चुकल्यावरही मोकळी मैदाने आणि बागा बंद ठेवणे हे त्यांतले एक. त्याहून क्लेशदायक म्हणजे मरणासन्न माणसाला भेटण्याची मनाई. हातमोजे घातलेल्या परिचारिकेने धरलेल्या फोनवर बायकोचा चेहरा पाहत कितीतरी जणांनी डोळे मिटले. संरक्षक पोशाख घालून एका नातेवाइकाला दहा मिनिटे आत सोडणे अशक्य नव्हते. ते न करण्यात सावधगिरीपेक्षा व्यवस्थेची सोय जास्त पाहिली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वादात सौम्य निर्बंधांचा स्वीडन आणि कडक निर्बंधांचे न्यूझीलंड यांची नावे परस्परविरोधी दाखले म्हणून घेतली जातात. दोन्हींची पूर्ण हकीकत मात्र कोणत्याच पक्षाच्या सोयीची नाही. स्वीडनने सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा चालू ठेवल्या, आणि तिथल्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम अहवालात तो निर्णय योग्य ठरवला. पण सुरुवातीला अधिक कडक उपाय योजायला हवे होते, असेही त्याच आयोगाने बजावले. न्यूझीलंडने सीमा बंद करून मृत्यू फार कमी ठेवले. पण मायदेशी परतणाऱ्यांच्या विलगीकरणातल्या जागा सोडतीने वाटण्याच्या पद्धतीमुळे काही नागरिकांच्या परतण्याच्या हक्कावर गदा आली, असा निर्वाळा तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. मला या दोन्ही देशांचे कौतुक वाटते ते यासाठी की तिथे हिशेब मांडला गेला आणि तो लोकांसमोर ठेवला गेला.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, महासाथीविषयीचा करार मंजूर केला. कोणत्याही देशाला टाळेबंदी लावायला सांगण्याचा अधिकार या कराराने जागतिक आरोग्य संघटनेला मिळत नाही, हे त्यात स्पष्ट नमूद आहे. तेव्हा पुढच्या साथीतही हा निर्णय ज्या त्या देशाचे सरकारच घेणार, आणि त्या हुकमाच्या कागदावर काय असावे याचा आग्रह नागरिकांना आजच धरता येईल. तो हुकूम कोणत्या तारखेला आपोआप संपेल, रुग्णालयातल्या किती खाटा मोकळ्या झाल्या की तो त्याआधीच उठेल आणि ज्याची रोजी त्याने बुडेल त्याच्या घरी पैसे व धान्य किती दिवसांत पोहोचेल, एवढे तरी त्यात लिहिलेले असलेच पाहिजे.